यजमान, पाहुणा आणि पाणी : रसायनशास्त्रातील एका रूपकाची चिकित्सा

प्रास्ताविक

कवितेतील रूपक अर्थाचा विस्तार करते आणि विज्ञानातील रूपक अर्थ नेमका करते, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात मात्र विज्ञानातील पुष्कळ रूपके एकदा रूढ झाली की त्यांची तपासणी कोणी करीत नाही. 'कुलूप आणि किल्ली', 'पेशींचे कारखाने', 'यजमान आणि पाहुणा' ही त्यांपैकी काही. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि रूपक जिथे अपुरे पडते तिथेच नेमकी त्यांची समजही अडते.

'यजमान-पाहुणा रसायनशास्त्र' ही संज्ञा वलयाकार रेणूंच्या अभ्यासात गेली पन्नास वर्षे वापरात आहे. पोकळी असलेला मोठा रेणू हा यजमान, त्या पोकळीत येऊन राहणारा लहान रेणू किंवा आयन हा पाहुणा. यजमान रेणूची रासायनिक घडण बदलली की तो कोणाला धरतो, किती घट्ट धरतो आणि केव्हा सोडतो हेही बदलते. औषधनिर्मितीत या ज्ञानाचा आज मोठा उपयोग होतो. प्रस्तुत लेखात या रूपकाची चिकित्सा एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे केली आहे. ते उदाहरण म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या स्नायूंची शक्ती परत आणणारे 'सुगामाडेक्स' हे औषध.

रूपकाचा उगम

एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये विकर आणि शर्करा यांच्या संबंधासाठी कुलूप-किल्लीची उपमा वापरली. ती इतकी सोपी होती की शंभर वर्षांनंतरही तिच्यावाचून धडा पुढे सरकत नाही. तिच्यातील मुख्य कल्पना मापाची आहे : आकार जुळला की काम झाले.

१९६७ मध्ये चार्ल्स पेडरसन यांनी क्राउन ईथर या वलयाकार संयुगांचा शोध प्रसिद्ध केला. पेडरसन हे ड्यूपाँ कंपनीत काम करणारे संशोधक होते आणि त्यांनी पीएच.डी. केलेली नव्हती. पुढे झाँ-मारी लेन यांनी त्रिमितीय पिंजऱ्यासारखे रेणू तयार केले. डोनाल्ड क्रॅम आणि जेन क्रॅम यांनी १९७४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 'यजमान-पाहुणा रसायनशास्त्र' याच शीर्षकाचा लेख लिहिला. १९८७ चे नोबेल पारितोषिक पेडरसन, लेन आणि डोनाल्ड क्रॅम या तिघांना विभागून मिळाले.

क्रॅम यांची यजमानाची व्याख्या इथे लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याची बंध करणारी स्थाने आतल्या बाजूला एकवटतात तो यजमान, आणि ज्याची ती स्थाने बाहेरच्या बाजूला पसरतात तो पाहुणा. या व्याख्येत पोकळीच्या मापाचा उल्लेखही नाही. तिचा भर दिशेवर आहे. म्हणजे मूळ संज्ञाकाराने रूपक जपून वापरले होते. त्याचे 'मोठ्या घरात मावणारा लहान माणूस' असे सोपे चित्र पुढे अध्यापनाच्या सोयीसाठी झाले असावे.

क्रॅम यांनी मांडलेली दुसरी कल्पना 'पूर्वसज्जते'ची. पाहुणा येण्याआधीच यजमानाची रचना ताठ आणि योग्य आकारात तयार असेल तर बंध फार घट्ट होतो. तोच रेणू वलय न करता सुटा, लवचिक ठेवला तर लिथियम आयनाला धरण्याची त्याची शक्ती अब्जावधी पटींनी घटते. पाहुणा दारात उभा असताना गाद्या शोधणारे घर आणि सकाळपासून आवरून ठेवलेले घर यांत जो फरक, तोच हा. इथे रूपक आपले काम चोख करते.

शब्दांचे कूळ

इंग्रजीतील यजमान आणि पाहुणा यांसाठीचे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून आलेले आहेत. त्या मुळाचा अर्थ 'परका', आणि त्याच कुळातील लॅटिन शब्दाला पुढे 'शत्रू' असाही अर्थ आला. म्हणजे मूळ शब्दात देवाणघेवाण होती आणि धोकाही होता.

मराठीत 'यजमान' हा यज्ञ करविणारा. पुढे तो घरमालक, धनी आणि पतीही झाला. या शब्दात अधिकार आहे. उर्दूत 'मेजबान' आणि 'मेहमान' हे फारसी शब्द जोडीने येतात. गंमत अशी की 'मेजबान' मराठीत रुळला नाही, पण त्याच्याच 'मेजबानी' या रूपापासून आलेली 'मेजवानी' मात्र घरोघरी पोचली. मराठीने यजमान स्वतःचा ठेवला आणि जेवण फारसीतून घेतले. हैदराबाद किंवा बेळगावच्या महाविद्यालयात घरी उर्दू बोलणारा आणि वर्गात मराठी वा इंग्रजी ऐकणारा विद्यार्थी या शब्दांच्या सर्व छटा सोबत घेऊन बसलेला असतो. 'यजमान रेणू' म्हटले की त्याच्या मनात आदरातिथ्य उभे राहते. यजमान पाहुण्याला सांभाळतो आणि वेळ झाली की निरोप देतो, ही त्याची समजूत असते. रसायनशास्त्रात यांपैकी काय खरे ठरते, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

कड्याची घडण

सायक्लोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून जीवाणूंच्या विकरांच्या साहाय्याने मिळणारे वलयाकार रेणू आहेत. १८९१ मध्ये व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांची पहिली नोंद केली. ग्लुकोजची सहा एकके जोडून झालेले वलय अल्फा, सात एककांचे बीटा आणि आठ एककांचे गॅमा. आकार बूड नसलेल्या बादलीसारखा : एक तोंड रुंद, एक अरुंद, उंची सुमारे ०.७९ नॅनोमीटर. अल्फाच्या पोकळीचा व्यास साधारण अर्धा नॅनोमीटर, तर गॅमाचा ०.७५ ते ०.८३ नॅनोमीटर. दोन्ही काठांवर पाण्याशी सख्य असलेले हायड्रॉक्सिल गट असतात. पोकळीची आतली भिंत मात्र पाण्याला फारशी जवळ करीत नाही.

रूपकाची पहिली त्रुटी इथे दिसते. 'पोकळी' म्हटले की रिकामी खोली डोळ्यांपुढे येते. द्रावणातील सायक्लोडेक्स्ट्रिनची पोकळी रिकामी कधीच नसते. तिच्यात पाण्याचे रेणू असतात, आणि आतल्या भिंतीशी त्यांचे जमत नसल्याने ते अवघडून बसलेले असतात. तेलकट स्वभावाचा पाहुणा आत आला की हे रेणू बाहेरच्या पाण्यात जाऊन मिसळतात. पाहुण्याच्या अंगाभोवती अडकलेले पाणीही सुटते. बंधाच्या शक्तीचा मोठा वाटा या सुटकेतून येतो. म्हणजे या कथेत पात्रे दोन नाहीत, तीन आहेत. आणि तिसऱ्या पात्राचे नाव शीर्षकात कुठेच येत नाही.

बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २५ अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात अल्फा सुमारे १४.५ ग्रॅम आणि गॅमा सुमारे २३.२ ग्रॅम विरघळते. बीटा मात्र १.८५ ग्रॅमच. कारण त्याच्या रुंद काठावरील हायड्रॉक्सिल गट एकमेकांचे हात धरून कडे करतात आणि बाहेरच्या पाण्याशी त्यांचा संबंध तुटक राहतो. आता यांतील काही गटांवर मिथिल बसवले, म्हणजे पाण्याशी सख्य असलेला भाग कमी केला, तर विद्राव्यता घटायला हवी. प्रत्यक्षात ती कित्येक पटींनी वाढते. हातांची साखळी तुटते, स्फटिकाची नेटकी रचना मोडते आणि रेणू पाण्यात मोकळा होतो. हायड्रॉक्सिप्रोपिल गट बसवूनही हेच साधते. पाहुण्याचा विचार न करता यजमानात केलेला हा बदल आहे. 'कोण आत मावतो' एवढेच विचारणाऱ्या विद्यार्थ्याला तो समजणे कठीण जाते.

काठावरचा बदल, आतला परिणाम

सल्फोब्युटिल ईथर बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन हे आणखी एक रूपांतर. यात वलयाच्या काठांवर चार कार्बनांच्या साखळ्या बसवतात आणि त्यांच्या टोकाला ऋणभार असतो. एका वलयावर सरासरी सहा-सात साखळ्या असतात. ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे साखळ्या पोकळीचे तोंड बंद करीत नाहीत. भार थेट वलयालाच जोडला तर पाहुणा नीट धरला जात नाही. चार कार्बनांचे अंतर ठेवले की विद्राव्यताही मिळते आणि पोकळीचा मूळ स्वभावही टिकतो. भार आहे की नाही यापेक्षा तो किती अंतरावर आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हा रेणू सामान्य माणसाच्या आयुष्यात नकळत येऊन गेला आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी गावोगावी रांगा लागल्या होत्या. हैदराबादमध्येही तिचे उत्पादन होत होते. त्या भुकटीच्या कुपीत औषध १०० मिलिग्रॅम आणि त्याला पाण्यात आणणारे हे रूपांतरित सायक्लोडेक्स्ट्रिन ३ ग्रॅम, म्हणजे औषधाच्या तीसपट. औषधाच्या उपयुक्ततेवर पुढे बरीच चर्चा झाली, पण कुपीतील यजमानाचे नाव त्या चर्चेत क्वचितच आले.

एका शोधनिबंधाचे शीर्षक

मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे स्नायू शिथिल करण्यासाठी रोक्युरोनियमसारखी औषधे देतात. स्नायू शिथिल झाले की श्वासही थांबतो आणि तो यंत्राने चालवावा लागतो. शस्त्रक्रिया संपल्यावर औषधाचा अंमल पूर्ण उतरला नाही तर शुद्धीवर येणाऱ्या रुग्णाला श्वास घेता येतो तोही अपुरा. जुना उपाय निओस्टिग्मिन. तो स्नायूजवळील अॅसिटिलकोलीनचे विघटन रोखतो, त्याचे प्रमाण वाढवतो आणि शिथिलकाशी स्पर्धा लावून देतो. शिथिलक तिथेच राहतो. अंमल खोल असेल तर ही स्पर्धा जिंकता येत नाही, आणि हृदयाची गती मंदावू नये म्हणून सोबत दुसरे औषध द्यावे लागते.

स्कॉटलंडमधील ऑर्गेनॉन कंपनीत अँटन बॉम आणि त्यांचे सहकारी रोक्युरोनियमसाठी योग्य विद्रावक शोधत असताना सायक्लोडेक्स्ट्रिनकडे वळले. त्यातून विचार उलटा झाला : औषध विरघळवण्यासाठी जो रेणू त्याला पोटात घेतो, तोच शरीरात त्याला पकडून निकामी का करू शकणार नाही? २००२ मध्ये 'अँगेवांटे केमी' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा : स्नायुशिथिलता उलटवण्याची नवी संकल्पना, सायक्लोडेक्स्ट्रिनवर आधारित कृत्रिम यजमानाने रोक्युरोनियम ब्रोमाइडला रासायनिक रीतीने कोशबद्ध करणे.

एकाच शीर्षकात 'यजमान' आणि 'कोशबद्ध करणे' हे दोन शब्द शेजारी बसले आहेत. पाहुण्याला कोशात बंद करणाऱ्याला मराठीत यजमान म्हणत नाहीत आणि उर्दूतही मेजबान म्हणत नाहीत. रूपक इथे आपल्याच भाराखाली वाकते. तरीही निबंधातील रसायन अत्यंत स्वच्छ आहे, आणि ते समजून घेतले की शीर्षकातील विसंगतीही उपयोगी पडते.

रोक्युरोनियमचा गाभा स्टेरॉइडच्या चार वलयांचा, जाड आणि तेलकट. त्याच्या एका बाजूला धनभारित नायट्रोजन. अल्फा आणि बीटाची तोंडे त्याला अरुंद, म्हणून गॅमा निवडले. पण गॅमाची उंची ०.७९ नॅनोमीटरच असल्याने पाहुण्याचे बरेच अंग बाहेर राहते. त्यावर उपाय म्हणून अरुंद काठावरील आठही प्राथमिक हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी गंधकाच्या दुव्याने प्रोपिऑनिक आम्लाच्या साखळ्या जोडल्या. पोकळीची खोली सुमारे १.१ नॅनोमीटर झाली. साखळ्यांच्या टोकांवरील आठ ऋणभारांनी दोन कामे केली : एकमेकांना दूर लोटून तोंड उघडे ठेवले, आणि पाहुण्याच्या धनभारित नायट्रोजनला ओढून धरले. साहचर्य स्थिरांक प्रति मोलर १ कोटीच्या वर गेला. मूळ गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिनची पकड त्यापुढे फारच सैल आहे.

हे औषध शिरेतून रक्तात येते आणि स्नायूच्या दारात स्पर्धेला जात नाही. रक्तातील सुटे रोक्युरोनियम पकडले जाते, तेथील प्रमाण घटते, आणि स्नायूजवळचे रोक्युरोनियम आपोआप रक्ताकडे ओढले जाते. एका रेणूला एक रेणू असा हिशेब असल्याने १ मिलिग्रॅम रोक्युरोनियमला सुमारे ३.६ मिलिग्रॅम सुगामाडेक्स लागते. पुढे ही जोडी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; म्हणूनच मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्या रुग्णात अमेरिकेतील माहितीपत्रक त्याची शिफारस करीत नाही.

'निवडक' या शब्दाचे मोल

सुगामाडेक्सला वैद्यकीय लेखनात 'निवडक शिथिलक-बंधक' असे वर्गनाम मिळाले. अमेरिकेच्या माहितीपत्रकात त्याचे वर्णन 'रूपांतरित गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन' असे आहे. पहिले नाव काम सांगते, दुसरे घडण सांगते. समीक्षेच्या दृष्टीने दुसरे नाव अधिक प्रामाणिक ठरते. त्याचे कारण पाहुण्यांच्या यादीत सापडते.

सक्सिनिलकोलीन हेही स्नायुशिथिलक आहे. त्याच्यावर दोन धनभार आहेत आणि त्याचे अंग सडपातळ, म्हणजे दारातून सहज जाणारे. तरी सुगामाडेक्सचा त्याच्यावर उपयोग नाही, कारण पोकळी भरून काढणारा स्टेरॉइडचा गाभा त्याच्यापाशी नाही. दार मोठे आहे, भारही जुळतात, पण पाणी हटवण्याइतके अंग नाही. उलट व्हेक्युरोनियम हे रोक्युरोनियमचे जवळचे भावंड. ते आत जाते, पण त्याची पकड रोक्युरोनियमच्या सुमारे एक तृतीयांशच. केवळ मापावर विसंबलेले रूपक या दोन्ही गोष्टी सांगू शकत नाही.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. गर्भनिरोधक गोळ्यांतील प्रोजेस्टोजेनवर भार नाही, पण त्याचा गाभा स्टेरॉइडचाच. सुगामाडेक्स त्यालाही काही प्रमाणात धरते. म्हणून हे औषध मिळालेल्या, संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक वापरणाऱ्या स्त्रीने पुढील ७ दिवस दुसरे, बिनसंप्रेरक साधनही वापरावे, अशी सूचना माहितीपत्रकात आहे. ज्याने 'निवडक' या शब्दाचा अर्थ 'फक्त' असा घेतला, त्याच्याकडून ही सूचना रुग्णाला सांगायची राहून जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या स्त्रीला आपल्या गोळीचे काय झाले हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. 'रूपांतरित गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन' हे नाव वाचणाऱ्याला निदान प्रश्न पडतो की या कड्यात आणखी कोण कोण बसेल.

औषधाच्या मान्यतेचा इतिहासही सावधच आहे. युरोपात २००८ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याच वर्षी अतिसंवेदनशीलतेच्या प्रतिक्रियांच्या शंकेमुळे ती नाकारली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये देण्यात आली. रेणूची रचना कागदावर कितीही नेटकी असली तरी शरीराने तिला स्वीकारावे लागते, याची ही नोंद आहे.

अध्यापनातील उपयोग

रूपक टाकून द्यावे असा याचा अर्थ नाही. रूपकाशिवाय अदृश्य रेणूंचा पाठ उभा राहत नाही. अध्यापकाने रूपक वापरावे आणि नंतर ते जिथे मोडते ती जागा विद्यार्थ्यालाच शोधायला लावावी. त्यासाठी प्रत्येक रूपांतरित यजमान रेणूला चार प्रश्न विचारता येतील : पोकळीचे माप आणि खोली काय झाली? काठावर कोणते गट आले आणि पोकळीपासून किती अंतरावर? पाण्याचे काय झाले? आणि ठरलेल्या पाहुण्याखेरीज आणखी कोण आत येऊ शकेल?

याला जोड देणारा प्रयोग साध्या प्रयोगशाळेतही शक्य आहे. आम्लारिधर्मी द्रावणातील फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन घातल्यावर फिका पडतो, कारण रंगद्रव्य पोकळीत शिरते. द्रावण तापवले की बंध सैल होऊन रंग परत येतो. अधिक घट्ट बसणारा दुसरा पाहुणा, उदाहरणार्थ अॅडमँटेनचे एखादे संयुग, घातला तरी रंग परततो. पहिल्या पाहुण्याला उठवून दुसरा बसला, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर बंधाच्या स्थिरांकाचे गणित त्याला परके वाटत नाही.

समारोप

यजमान-पाहुणा या रूपकाने एका शास्त्रशाखेला नाव दिले आणि पूर्वसज्जतेसारखी अवघड कल्पना सोपी केली, हे त्याचे श्रेय आहे. पाण्याला कथेबाहेर ठेवणे, काठापेक्षा पोकळीवर भर देणे आणि पकडीला आदरातिथ्य म्हणणे, या त्याच्या मर्यादा आहेत. सुगामाडेक्सच्या उदाहरणात काठावरचे आठ गट बदलले आणि रुग्णाचा श्वास काही मिनिटांत परत येऊ लागला. त्याच बदललेल्या कड्याने एखाद्या स्त्रीच्या गोळीतील संप्रेरकही धरले. दोन्ही गोष्टी एकाच रसायनाच्या आहेत. त्या दोन्ही विद्यार्थ्याला एकाच तासात सांगता आल्या, तर रूपकाने आपले काम केले असे म्हणता येईल.